खरा ख्रिस्ती विश्वास ओळखायचा कसा?

ओंजळ

बाबा गेले त्याला सात महिने होत आले. दफनविधी आटोपून माणसं पांगत होती तेव्हा नात्यातले एक काका जवळ आले, माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "बाळा, दादाचं तारण झालं होतं ना? खात्री आहे ना तुला?" तारण म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाने पापातून सुटका. मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, हे आधीच सांगते. पण तो प्रश्न तेव्हापासून आमच्या घरात मुक्कामालाच आला आहे.

बाबांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. आजारपण सोडलं तर रविवारची उपासना त्यांनी कधी चुकवली नाही. पण प्रार्थनासभेत उभं राहून साक्ष देणं, अमुक दिवशी मी प्रभूला जीवन दिलं असं सांगणं, हे त्यांच्याकडून कधी झालं नाही. मोठ्याने प्रार्थना करायची पाळी आली की "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायचे आणि खाली बसायचे. रात्री वचन, म्हणजे बायबल, वाचायचे तेही मनातल्या मनात. पानावर बोट ठेवून वाचायची सवय होती, आणि कधीकधी ते बोट बराच वेळ एकाच ओळीवर थांबलेलं असायचं.

माझं सगळं याच्या उलट. मी साक्ष देते, तरुण संघ चालवते, गाणी बसवते. सोळाव्या वर्षी एका उज्जीवन सभेत रडत पुढे गेले होते, तो दिवस मला तारखेसकट पाठ आहे. आणि गेले सात महिने प्रार्थनेला बसते तेव्हा आत काहीही हलत नाही. मग काकांचा प्रश्न माझ्याकडेच वळतो. ज्यांच्याकडे तारीख नव्हती त्यांचा विश्वास खरा, की जिच्याकडे आता तारखेशिवाय काही उरलं नाही तिचा?

खऱ्या विश्वासाची लक्षणं कोणती धरावीत? शास्त्रातून सांगा, इतिहासातून सांगा, स्वतःच्या अनुभवातून सांगा. ख्रिस्ती नसलेल्यांनी, कुठलाच धर्म न मानणाऱ्यांनीही लिहावं. फक्त चर्चा धर्मांतराच्या वादावर नेऊ नका, एवढी विनंती.

मोहरीदाणा

ओंजळताई, प्रभू तुमचं आणि तुमच्या आईचं सांत्वन करो.

मी ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो तिथे नव्या जन्माला, म्हणजे विश्वासाने आतून नवं होण्याला, फार महत्त्व आहे, आणि ते मला आजही पटतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला ते सरळ सांगतो, त्यातून पळवाट नाही. पण त्याच संभाषणात तो वाऱ्याचंही बोलतो. वाऱ्याचा आवाज ऐकू येतो, तो कुठून आला ते कळत नाही. आमच्याकडे निकदेमाला सांगितलेलं नव्या जन्माचं वाक्य पाठ असतं, वाऱ्याचं विसरलं जातं. आपला जन्म कुणालाच आठवत नाही. दाखला हरवला म्हणून माणूस जन्मलाच नाही असं कुणी म्हणत नाही, तो श्वास घेतोय का एवढं बघतात.

हा श्वास ओळखायला योहानाचं पहिलं पत्र घ्या. पाचच अध्याय आहेत, एका बैठकीत होतील. ते पत्र कशासाठी लिहिलं हे शेवटी (५:१३) योहान स्वतःच सांगतो. तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं म्हणून. म्हणजे खात्री मिळावी हाच हेतू आहे, घाबरवण्याचा नाही. त्यात तीन धागे पुन्हापुन्हा गुंफलेले दिसतात. येशू हा देहाने आलेला ख्रिस्त आहे असं मानणं, त्याच्या आज्ञा पाळणं, आणि भावाबहिणींवर प्रीती करणं. त्यातल्या एकावरच बोट ठेवून कुणी निश्चिंत होऊ लागला की योहान लगेच दुसऱ्याकडे नेतो. आणि सुरुवातीलाच (१:८) बजावतो की आपल्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो. म्हणजे निष्पाप असणं हे लक्षण नव्हेच.

भावना आटणं हे या तिघांत कुठेच बसत नाही, हेही पाहा.

शिंपला

वाचून गलबलून आलं. माझ्या आजीच्या दफनाच्या वेळीही असंच कुणीतरी विचारलं होतं. उत्तर माझ्याकडे नाही, पण धागा वाचतेय.

जुनं दप्तर

हा प्रश्न मंडळीइतकाच जुना आहे. आधी बाहेरच्या माणसाचा पुरावा देतो, कारण त्याला ख्रिस्ती लोकांची भलामण करायची काही गरज नव्हती.

इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी बिथिनिया-पोंत प्रांताचा कारभार पाहत होता. आपण ख्रिस्ती आहोत अशा आरोपाखाली माणसं त्याच्यासमोर आणली जात. खरा कोण आणि नावापुरता कोण हे त्याला ठरवायचं होतं. सम्राट त्राजानला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली रीत सांगितली आहे. देवांचा धावा करायला लावायचं, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करायला लावायचं, आणि ख्रिस्ताला शाप द्यायला सांगायचं. खऱ्या ख्रिस्ती माणसाकडून यातलं काहीच जबरदस्तीने करून घेता येत नाही, असं त्याच्या कानावर आलेलं होतं. त्याची कसोटी ती.

पण त्याच पत्रात दुसरी गोष्ट आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. हे लोक जमून करतात तरी काय, याची त्याने चौकशी केली. त्याला कळलं ते असं: ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र येतात, ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात आणि शपथ घेतात. शपथ कटाची नव्हे. चोरी करणार नाही, लुटणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव मागितल्यावर नाकारणार नाही. हे तपासून पाहण्यासाठी त्याने मंडळीत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळही केला. हाती अंधश्रद्धेपलीकडे काही लागलं नाही, असं तो लिहितो. त्या दोघींची नावंसुद्धा त्याने नोंदवली नाहीत. ठेव परत करणं इतकी साधी गोष्ट त्या शपथेत आहे, हे मी कितीदा वाचलं तरी तिथे थांबतोच.

साधारण त्याच काळातली 'दिदाखे' नावाची एक छोटी पुस्तिका आहे, मंडळ्यांना सूचना देणारी. तिचं हस्तलिखित १८७३ मध्ये सापडलं. गावोगाव फिरणारे संदेष्टे दारात येत, त्यांना कसं पारखायचं ते तिच्यात सांगितलं आहे. आत्म्याच्या भरात बोलतो म्हणून कुणी संदेष्टा ठरत नाही, प्रभूची वागणूक त्याच्यात दिसली पाहिजे. तीन दिवस मुक्काम ठोकला तर खोटा. स्वतःसाठी पैसे मागितले तर खोटा. शिकवण तपासायलाही ती सांगते, पण संदेष्ट्याची खूण शोधायची ती वागण्यात.

आता दुसरी बाजू. ३०३ साली रोमन सम्राट दियोक्लेतियनच्या छळात काही पाळकांनी (धर्मगुरूंनी) जीव वाचवायला पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेत मंडळी दुभंगली. अशा माणसांच्या हातचा बाप्तिस्मा खरा की खोटा? डोनॅटस नावाच्या नेत्यामागे गेलेल्या गटाचं म्हणणं होतं की शुद्धांची मंडळी वेगळी हवी. ३१४ मध्ये आर्लच्या परिषदेने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला, तरी भांडण शंभर वर्षं चाललं. पुढे बिशप ऑगस्टीनने मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला गव्हाचा आणि निदणाचा (तणाचा) दाखला पुढे धरला. दोन्ही कापणीपर्यंत एकत्र वाढू द्या, उपटायला गेलात तर गहूही उपटाल. ऑगस्टीनने नंतर त्या गटाविरुद्ध राज्यसत्तेच्या सक्तीला पाठिंबा दिला, ते मला मुळीच मान्य नाही. पण दाखल्याचा अर्थ त्याने बरोबर लावला. कोवळं निदण गव्हासारखंच दिसतं आणि आपण शेताचे मालक नाही.

ओंजळ, तुमच्या काकांनी जे विचारलं ते कापणी करणाऱ्याचं काम आहे.

मोहरीदाणा

दप्तरदादा, निदणाचा दाखला मान्य. पण मत्तयाच्या सातव्या अध्यायाचं काय? "त्यांच्या फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल" असं प्रभू सांगतोच ना? पारखायचंच नाही म्हटलं तर मेंढरांच्या वेषातले लांडगे मंडळीत मोकळे फिरतील. आम्ही त्याची झळ सोसली आहे, म्हणून हे नुसतं वादासाठी म्हणत नाही.

जुनं दप्तर

झळ सोसली असणार, तुमच्या शब्दांतून कळतं. मला फरक असा दिसतो. ते वचन खोट्या संदेष्ट्यांविषयी आहे, म्हणजे जे शिकवतात, पुढे चालतात, ज्यांच्या हाती लोकांचा विश्वास आणि मंडळीचा पैसा असतो. त्यांना पारखलंच पाहिजे, आणि ते काम उघडपणे व्हायला हवं. शेजारच्या बाकावर गप्प बसणाऱ्याला पारखायचा अधिकार त्यातून निघत नाही. आणि त्याच अध्यायात पुढे बघा, शेवटच्या दिवशी "प्रभू, प्रभू" म्हणत येणारे दाखवतात काय? संदेश, भुतं काढणं, मोठमोठे चमत्कार. सगळं डोळे दिपवणारं. "मला तुमची कधीच ओळख नव्हती" हे उत्तर त्यांना मिळतं. फळ आणि कर्तबगारी यांत आपण फार गल्लत करतो. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली आत्म्याच्या फळाची यादी काढा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातलं काहीही व्यासपीठावर करून दाखवता येत नाही. सहनशीलता आहे की नाही हे घरच्यांना विचारावं लागतं.

उंबरठा

मी अकरा वर्षं मनापासून विश्वास ठेवला आणि चार वर्षांपूर्वी सोडला. राग येऊन नाही, कुणी फसवलं म्हणूनही नाही. प्रश्न संपेनात, आणि एके दिवशी कळलं की आपण रिकाम्या खोलीशी बोलतोय असं आपल्याला वाटतंय.

सोडल्यावर मला सर्वांत जास्त दुखवलं ते एका वचनाने. योहानाचं पहिलं पत्र, २:१९. ते आपल्यातून निघाले, पण ते आपले नव्हतेच. ज्यांच्याबरोबर मी रात्र रात्र प्रार्थना केली त्यांनी मला हे लिहून पाठवलं. म्हणजे माझी अकरा वर्षं एका ओळीत खोटी ठरली. टिकला तर खरा आणि सोडला तर मुळात नव्हताच, अशी कसोटी असेल तर ती आज कुणाच्याच कामाची नाही. आज जो बाकावर बसला आहे तो उद्या काय करेल हे त्यालाही माहीत नसतं.

ओंजळ, तुमच्या धाग्यात माझं दुःख घुसडायचं नव्हतं. पण लक्षणांची यादी करताना माझ्यासारखेही वाचत असतात.

मोहरीदाणा

उंबरठा, हे वचन असं एका ओळीत मीही एकदा कुणाला पाठवलं आहे. तो माणूस तुम्ही नव्हता, पण त्याने मला पुन्हा उत्तर दिलं नाही. आज तुमचं वाचून मला त्याचं नाव घेऊन प्रार्थना करावीशी वाटली, आणि माफी मागायला हवी असंही वाटलं.

ते वचन ज्या मंडळीला लिहिलं ती नुकतीच फुटली होती. ख्रिस्त देहाने आला हेच नाकारणारे शिक्षक बाहेर पडले होते आणि मागे राहिलेले हादरले होते. त्यांना धीर द्यायला ते लिहिलं गेलं. प्रश्न पडून थकलेल्या एकट्या माणसाच्या तोंडावर मारायला नव्हे. विश्वास गमावता येतो की खरा विश्वास शेवटपर्यंत टिकतोच, यावर आमच्यातच एकमत नाही, काल्विन आणि वेस्ली हे दोघे प्रोटेस्टंट धर्मशिक्षक; काल्विनच्या परंपरेतले तो टिकतोच म्हणतात, वेस्लीच्या परंपरेतले गमावता येतो म्हणतात. तुमची अकरा वर्षं काय होती ते मी ठरवणार नाही. येशूला पकडलं त्याच रात्री त्याचा शिष्य पेत्र याने त्याला तीनदा नाकारलं, तेव्हा कुणी निकाल दिला असता तर काय दिला असता?

कोरी पाटी

मी ख्रिस्ती नाही. धागाकर्तीने बोलावलं म्हणून लिहिते.

मी ज्यांच्या हाताखाली पूर्वी काम केलं ते गृहस्थ ख्रिस्ती होते, धर्माविषयी माझ्याशी कधी बोलले नाहीत. एकदा एका मोठ्या चुकीचा ठपका त्यांनी सगळ्यांसमोर माझ्यावर ठेवला. चूक माझी नव्हती. दोन दिवसांनी त्यांना ते कळलं. मला आत बोलावून चार शब्दांत मिटवता आलं असतं. त्यांनी त्याच सगळ्यांना पुन्हा एकत्र बोलावलं आणि सांगितलं की परवा मी हिच्यावर खोटा आरोप केला, कागद न बघता केला, चूक माझी होती. "कुणाला वाईट वाटलं असेल तर" अशी भाषा नाही. मग वर कळवलेली तक्रार त्यांनी लेखी मागे घेतली.

पुढे मी त्यांना विचारलं की एवढं करायची काय गरज होती? म्हणाले, "जिथे सांडलं तिथेच पुसायला पाहिजे." बाकी तुमचं शास्त्र मला माहीत नाही, पण खरा विश्वास म्हटला की मला ते आठवतात.

जुनं दप्तर

कोरी पाटी, तुम्ही न वाचता लूकच्या एकोणिसाव्या अध्यायावर भाष्य केलंत. जक्कय नावाचा जकातदार येशूला घरी नेतो, आणि उभा राहून सांगतो ते सगळं हिशोबाचं: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं आहे. जक्कयाने तारण विकत घेतलं असा त्याचा अर्थ नाही, येशू त्याच्या घरी आधीच आलेला होता. पण पश्चात्ताप खरा की नुसता हळवेपणा हे पैशाच्या पिशवीपाशी कळलं.

मेणवात

मी कॅथलिक आहे, त्यामुळे थोडं वेगळ्या अंगाने. "तुझं तारण झालं आहे याची खात्री आहे ना" हा प्रश्न आमच्यात अशा शब्दांत विचारत नाहीत. १५४७ मध्ये आमच्या चर्चच्या ट्रेंट परिषदेने सांगितलं की आपल्याला देवाची कृपा लाभली आहे हे कुणीही चूक होऊच शकत नाही अशा निःसंशय खात्रीने जाणू शकत नाही. देवाच्या दयेवर शंका घ्यायची नाही, पण स्वतःच्या दुबळेपणाकडे पाहून भीती वाटू शकते. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरच्या बाजूने याला कडाडून विरोध होता. साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ ला, लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी आउग्सबुर्गला संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, त्यात निदान एवढं एकत्र म्हटलं गेलं की आपण केवळ कृपेने स्वीकारले जातो आणि सत्कृत्यं हे त्याचं फळ असतं. मला तो दिवस फार मोठा वाटतो.

पण मला लिहायचंय ते ओंजळच्या कोरडेपणाबद्दल. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या आणि दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली. गरिबांतलं काम सुरू झालं साधारण तेव्हापासूनच त्यांना देव जवळ असल्याचं जाणवेनासं झालं होतं, आणि तो अंधार थोडे अपवाद सोडता जवळजवळ पन्नास वर्षं टिकला. पहाटेची प्रार्थना त्या करत राहिल्या, मरणाऱ्यांना उचलत राहिल्या. काहींनी यावरून म्हटलं की त्यांचा विश्वास खोटा होता. मी तीच पत्रं वाचून म्हणते की काहीही मिळत नसताना जी देत राहते तिच्या विश्वासावर शंका घ्यायला मला जागा सापडत नाही.

पानगळ

मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते आणि मंडळीतही जाते. ओंजळ, जवळचं माणूस गेल्यावर मन बधिर होणं हे शोकाचं लक्षण आहे. गाणं, जेवण, मैत्रिणी, प्रार्थना, सगळ्यातलाच रंग जातो. त्यातून एक प्रार्थना वेगळी काढून "माझा विश्वास मेला" असा निष्कर्ष काढू नका. झोप, भूक, रोजचं काम बिघडलं असेल तर डॉक्टरांशी बोला.

आणि इथे गुपचूप वाचणाऱ्या आणखी कुणासाठी. आपलं तारण झालं की नाही हा विचार दिवसातून पन्नास वेळा येत असेल, तीच पश्चात्तापाची प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून पुन्हापुन्हा करावी लागत असेल, कुणी धीर दिला की तासभर बरं वाटून परत तेच सुरू होत असेल, तर तो मंत्रचळासारखा आजार असू शकतो, धर्माच्या विषयात शिरलेला. त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला आणखी आत्मपरीक्षण करायला सांगणं म्हणजे जखम खाजवायला सांगणं आहे. विल्यम कूपर हा इंग्रज कवी (१७३१ ते १८००) घ्या. त्याची भजनं आजही चर्चमध्ये गातात. १७७३ पासून त्याची पक्की समजूत झाली होती की देवाने आपल्याला टाकलं आहे, आणि ती शेवटपर्यंत पुरती सुटली नाही. त्याच्या भजनांनी ज्यांना आधार मिळाला त्यांना त्याचा विश्वास दिसत होता, त्याला स्वतःला तेवढा दिसत नव्हता.

जुनं दप्तर

कूपरचं नाव निघालं म्हणून त्याच्या मित्राबद्दल लिहितो, जॉन न्यूटन. ही गोष्ट मंडळीत निम्मीच सांगितली जाते.

१७४८ च्या मार्चमध्ये अटलांटिकवर वादळात जहाज बुडायला आलं आणि न्यूटनने देवाचा धावा केला. तो दिवस तो आयुष्यभर पाळत असे. साक्षीत आपण इथे थांबतो. पण त्यानंतरही तो गुलामांच्या व्यापारात राहिला, जहाजाचा कप्तान झाला, वर प्रार्थना आणि खाली साखळदंडातली माणसं. १७५४ मध्ये समुद्र सुटला तो प्रकृतीमुळे, सद्सद्विवेकामुळे नाही. १७६४ मध्ये तो पाळक झाला. त्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे लिहिलं, स्वतःच्या सहभागाची कबुली दिली, ते १७८८ मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी! १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूटन वारला.

यातून "फळ यायला वेळ लागतो" असा दिलासा काढता येतो आणि तो खोटा नाही. न्यूटननेही पुढे लिहिलं की त्या वादळानंतर बराच काळ मी पूर्ण अर्थाने विश्वासी होतो असं मला म्हणवत नाही. पण त्या वेळाची किंमत त्याने नाही, जहाजाच्या तळातल्या माणसांनी मोजली. म्हणून मी म्हणतो, तारीख सांगणाऱ्याला पुढचं विचारावं: त्यानंतर तुझ्या हाताखालच्यांचं काय झालं?

शिंपला

पंडिता रमाबाईंचंही आठवलं. बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यानंतर सुमारे आठ वर्षं त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त अजून सापडायचा होता. इतकी मोठी बाई हे इतकं उघड लिहिते, याचाच मला आधार वाटतो.

ओंजळ

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण हा धागा मी आईला वाचून दाखवत होते. रोज थोडा थोडा.

कोरी पाटी यांचा प्रतिसाद वाचताना आईने मला थांबवलं. "जिथे सांडलं तिथेच पुसायला पाहिजे" ते पुन्हा वाच म्हणाली. मग तिने एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. माझ्या जन्माच्या आधी बाबांच्या कचेरीत एका सहकाऱ्याची चौकशी झाली होती. बाबांनी साहेबांच्या दबावाखाली त्याच्याविरुद्ध जबाब दिला, सगळा खरा नव्हता. त्या माणसाची नोकरी गेली. वर्षभराने बाबांनी स्वतः अर्ज करून जबाब बदलून दिला, आधीचा खोटा होता असं लिहून दिलं. त्यापायी त्यांची बढती कायमची अडली. तोपर्यंत तो सहकारी आजारी पडून गेला होता. त्याच्या बायकोचं निवृत्तिवेतन मात्र त्या कागदामुळे सुरू झालं, आणि त्या बाईंची मुलगी शिकून नोकरीला लागेपर्यंत बाबा दर महिन्याला थोडे पैसे पाठवत राहिले. आईला बजावलं होतं, मुलीला सांगू नको, तिला वाटेल बाप चांगला माणूस होता.

मी विचारलं, म्हणजे काय? आई म्हणाली, "त्यांना ते चांगुलपण वाटायचंच नाही. ते फेडणं होतं. आणि पूर्ण फिटलं असं त्यांना कधी वाटलं नाही. म्हणून तर त्या जकातदाराच्या प्रार्थनेवर बोट ठेवून बसायचे."

हे देवा, मज पाप्यावर दया कर. लूक, अठरावा अध्याय. हा जक्कय नव्हे, येशूच्या दाखल्यातला जकातदार. मी बाबांचं शास्त्र काढून पाहिलं. त्या पानाचा तो भाग बोटाने काळवंडला आहे.

उंबरठा

ओंजळ, हे वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. माझं मत बदललं असं म्हणणार नाही. पण तुमच्या बाबांसारखा माणूस माझ्या मंडळीत शेजारी बसलेला असता आणि मला ते माहीत असतं, तर मी माझे प्रश्न त्यांच्याकडे नेले असते.

मोहरीदाणा

मी त्या माणसाला आज पत्र लिहिलं. फोन करायचा धीर झाला नाही. त्यात वचन एकही घातलं नाही.

ओंजळताई, काकांना सांगितलंत का?

ओंजळ

काल फोन केला. मनात थोडा राग ठेवूनच केला, आधी कबूल करते. त्यांना जबाबाची गोष्ट सांगितली. ते काही बोलेनात, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "तुला विचारलं ते दादासाठी नव्हतं गं. मी बहात्तर वर्षांचा झालो. साक्ष देतो, लोक आमेन म्हणतात, आणि रात्री झोप लागत नाही. दादा झोपल्यासारखा शांत गेला, म्हणून विचारलं. त्याला काय माहीत होतं ते तुला सांगून गेला असेल असं वाटलं."

मी त्यांना म्हटलं की माझंही सध्या तसंच आहे, आत काही हलत नाही. तर ते रडायला लागले, आणि मीही. सात महिन्यांत पहिल्यांदा.

मग आम्ही मार्कच्या नवव्या अध्यायातली त्या मुलाच्या बापाची ओळ म्हटली, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." दुसरं काही सुचलं नाही. त्यांच्या झोपेविषयी पानगळ यांनी लिहिलेलं सगळं त्यांना सांगितलं, डॉक्टरांकडे जायला ते तयार झाले आहेत. शनिवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. योहानाचं पहिलं पत्र एका बैठकीत वाचायचं ठरवलंय, मोठ्याने, आळीपाळीने. बाबांचं शास्त्र घेऊन जाते.